चौथ्या गाण्यातली रिकामी जागा

राळेगावात जाऊन जीवन राठोडचं घर विचाराल तर लोक उलट तुम्हालाच विचारतील, कोणता जीवन? खताच्या दुकानातला की पतसंस्थेतला? 'कॅसिओवाला' म्हटलं की मात्र चहाच्या टपरीवरचा माणूस हातातली किटली खाली न ठेवता मानेनंच रस्ता दाखवील. वरातीत धुमालची, म्हणजे ढोल-कॅसिओच्या बँडची, गाडी पुढं सरकत असते, मागं पोरं अंगात आल्यासारखी नाचत असतात, आणि त्या गाडीवर भल्यामोठ्या भोंग्यांना पाठ लावून एक उंच, हडकुळा माणूस मान खाली घालून कॅसिओ वाजवत असतो, तो जीवन. त्याच्याकडं कोणी बघत नाही. वाजवणाऱ्याकडं बघायची आपल्याकडं रीतच नाही. आवाज बंद पडला तरच लोकांच्या माना वर होतात.

अशा या माणसाबद्दल परदेशातल्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, हे राळेगावात सांगायला जाल तर लोक तुमच्या तोंडाचा वास घेतील. पण लिहिली खरी.

जीवनचा तांडा राळेगावच्या बाहेर, कपाशीच्या वावरांच्या पलीकडं. वडील, बापू, लवकर गेले. आई, रामीबाई, दोन वर्षांमागं गेली, आणि घरात बोलायला माणूस उरलं नाही. लग्न काही जमलं नाही. पोरीवाले यायचे, पोरगा काय करतो विचारायचे, 'वाजवतो' म्हटलं की चहा पिऊन निघून जायचे. एकच धाकटी बहीण, जया. तिला केळापूरकडच्या एका तांड्यात दिलेली. आई होती तोवर ती तीजला यायची, दिवाळीला यायची. आई गेली आणि तिचं येणं आटलं. फोनवर 'जेवला का' आणि 'तिकडे पानी पडलं का' यापलीकडं बोलणं सरकेना. जयाला पोरं आहेत, म्हशी आहेत, सासूचे गुडघे आहेत, हे जीवनला कळत होतं. पण एकट्या माणसाला साधी कारणं पुरत नाहीत. त्यानं आपल्यापुरतं एक कारण शोधून ठेवलं होतं, की जयाच्या लग्नात आपल्याकडून जे झालं ते तिनं मनात धरलंय. हे कारण त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कामधंदा नसलेल्या दिवशी ते त्याला कुरतडत बसायचं.

वाजवणाऱ्याला कामधंदा नसलेले दिवस पुष्कळ. आषाढ लागला की मुहूर्त संपतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत धुमालची गाडी ताडपत्रीखाली जाते. त्या दिवसांत जीवनला एकच माणूस फोन करायचा, शाम.

शाम राजूरचा. वडील कोळशाच्या खाणीत होते. यवतमाळला आयटीआय करताना तो आणि जीवन एका खोलीत राहिले, एका स्टोव्हवर जेवले, आणि वायरमन व्हायला आलेल्या या दोघांनी सगळा वेळ जुने कॅसिओ खोलून बसवण्यात घालवला. पुढं शाम हैदराबादला एका स्टुडिओत आवाजाच्या कामाला लागला. तिथं त्यानं एक जुना परदेशी सिंथेसायझर मिळवला. त्याला पट्ट्या थोड्या आणि बटणं फार. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की दोघांनी मिळून अल्बम करायचा. सायकेडेलिक सिंथ-पॉपचा.

"ते काय असते बे?" जीवननं विचारलं.

"होळीची भांग पिऊन तुह्या धुमालच्या मांगं चाललं का जसं आयकू येते ना, तसं," शाम म्हणाला. जीवनला लगेच समजलं.

दोन पावसाळे काम चाललं. जीवननं आईच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, दारं लावली आणि आत घामानं निथळत तो वाजवत बसला. वरातीतले ठोके त्यानं संथ केले, इतके संथ की एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत माणूस विचारात पडावा. सनईचा आवाज उलटा फिरवला. रेंज मिळाली की तो ते सगळं शामला पाठवायचा, आणि शाम त्यावर आपल्या बटणांचे लांबच लांब सूर पसरून परत धाडायचा. जोडीला नाव दिलं 'लदेणी'. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तांडे मुलुखभर हिंडायचे, त्या लमाणी काफिल्याला लदेणी म्हणतात. अल्बमचं नाव 'बिनमुक्कामी'. ते जीवनला सुचलं, आणि त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. तसं ते फार वेळा वाटत नसे.

चौथं गाणं अडलं होतं. सूर होते, ठोका होता, पण मधे माणूस नव्हता. तेव्हा जीवननं ट्रंकेतून एक जुनं मेमरी कार्ड काढलं. त्यात जयाच्या पाठवणीचा ढावलो होता.

ढावलो म्हणजे नवरीचं रडगाणं. सासरी निघताना गोरमाटी, म्हणजे लमाणी, पोर एकेका नातलगाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. तुम्ही मला दूर लोटलं, मला विसरू नका, असं त्या त्या माणसाला नाव घेऊन म्हणते. मोठ्या बायका पोरींना हे लहानपणापासून शिकवतात. ज्याचं नाव घेतलं त्यानं पुढं व्हायचं, तिला कवेत घ्यायचं, आणि रडत का होईना, तिला उत्तर द्यायचं. नवरीची हाक रिकामी जाऊ द्यायची नसते.

जयाच्या लग्नात जीवनच्या हातात नवा फोन होता. ढावलो म्हणणाऱ्या पोरी आता कमी झाल्या, हा आवाज जपून ठेवला पाहिजे, असं त्यानं मनाशी घोकलं आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला. खरं तर त्याला रडण्याची भीती वाटत होती. हातात फोन असला की रडावं लागत नाही. जया 'याडी' म्हणत आईच्या गळ्यात पडली, मावश्यांच्या पडली, आणि मग ओढणीनं झाकलेलं तोंड वर न करता तिनं 'भिया' अशी भावाला हाक घातली. एकदा, परत एकदा, आणि मग फार लांब. जीवन ट्रॉलीवरच होता. आता उतरलो तर फोन हलेल, आवाज बिघडेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. पोरीची हाक रिकामी जाते हे बघून बापूंचे धाकटे भाऊ, धरमसिंगकाका, पुढं झाले. त्यांनी तिला खांद्याशी धरलं. काका मुळातच अबोल. ते काही बोलले नाहीत. मग जीप आली आणि जया गेली. काकाही पुढं दोन-तीन वर्षांत वारले.

हाच आवाज जीवननं चौथ्या गाण्यात घातला. आधी जयाला विचारावं असं शंभरदा ठरवलं आणि शंभरदा फोन खाली ठेवला. विचारायचं म्हणजे तो दिवस उकरायचा. शामनं आवाज लांबवला, त्याला विहिरीतल्यासारखा घुमारा दिला, आणि तीन हाकांनंतर जिथं कोणीच बोलत नाही तिथं सगळी वाद्यं थांबवून ती जागा तशीच सोडली. गाणं जमलं. जमलं म्हणजे असं, की जीवनला ते दुसऱ्यांदा ऐकवेना.

अल्बम इंटरनेटवर चढला तेव्हा तांड्यात कोणाला काही कळलं नाही. ज्या धुमालवर जीवन वाजवायचा त्याचे मालक बबनराव. त्यांना त्यानं पहिलं गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, "चांगलं हाये. पण नाचाचं कवा?"

मग महिनाभरानं शामचा फोन आला. तो ओरडतच होता. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळानं परीक्षण लिहिलं होतं. जीवननं ते उघडलं आणि फोनला मराठीत करायला सांगितलं. फोन म्हणाला, 'हा अल्बम ओल्या चुंबकाप्रमाणे आहे.' पुढं म्हणाला, 'ही जोडी यंत्रांना ताप आणते आणि नंतर त्यांच्या कपाळावर हात ठेवते.' जीवन एकटाच खदाखदा हसला. हसून झाल्यावर हे कोणाला वाचून दाखवावं म्हणून त्यानं सवयीनं चुलीकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. आईला यातलं ओ की ठो कळलं नसतं, पण 'चुंबक कायले वला केला बापा' असं तिनं नक्की विचारलं असतं.

मग दुसऱ्यांनीही लिहिलं. मुंबईच्या एका मासिकानं 'उन्हात वितळलेलं सिंथ-पॉप' म्हटलं. एकानं झोडपलं, की गाणी गरजेपेक्षा लांब आहेत आणि ढोलाचा आवाज स्वस्त, वरातीतला वाटतो. "वरातीतलाच हाये ना बाप्पा," जीवन भिंतीला म्हणाला. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. चौथं गाणं. शामनं फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं, आणि मराठी करून सांगितलं, "आयक. 'या अल्बममधला सगळ्यात धाडसी क्षण म्हणजे ती शांतता. एक बाई तीनदा कोणाला तरी हाक मारते, आणि तो येत नाही. ही रिकामी जागा भरायचा मोह या दोघांनी टाळला, यातच त्यांचं मोठेपण आहे.' अबे जीवन, मोठेपण म्हनलं त्यानं!"

जीवन जेवायला बसला होता. त्याच्यानं पुढचा घास खाववेना. ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते तिचीच साऱ्या जगानं वाहवा करावी, याच्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. जो आला नाही तो मी, हे त्या माणसाला कोण सांगणार? आणि जयानं हे कुठं वाचलं, ऐकलं, तर तिला काय वाटेल? भावानं आधी हाक रिकामी जाऊ दिली, आणि आता ती रिकामी जागा बाजारात मांडून तो शाबासकी घेतो आहे.

पुढचे कित्येक दिवस त्याचं कशात लक्ष लागलं नाही. शेवटी एका दुपारी तो गोधड्यांच्या खोलीत शिरला, दार लावलं, कानांना हेडफोन लावला आणि जयाची तिसरी हाक संपल्याबरोबर माईकमधे बोलला. मी इथंच आहे, बाई, असं काहीतरी गोरबोलीत. आवाज फाटला. सूर लागला नाही. परत केलं तर तो फाटेचना, गुळगुळीत यायला लागला, म्हणून त्यानं पहिलाच ठेवला. अल्बम त्याच्याच खात्यावरून चढवलेला होता. शामला न विचारता त्यानं जुनं चौथं गाणं काढलं आणि नवं बसवलं.

शामचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "येडा झाला का तू? ज्याच्यावर समदे लिहून राह्यले तेच बुजवून टाकलं? काहून?"

"माहीच जागा होती ते. मी बुजवली."

"आन् माहं काही नाही त्याच्यात? दोन वर्सं मी का झक मारून राह्यलो होतो इथं?"

जीवनला सांगता आलं असतं. पण ट्रॉलीवर उभा राहिलेला भाऊ शब्दांत कसा मांडायचा, हे त्याला कळेना. तो गप्प बसला, आणि शामला तो माज वाटला. शामनं फोन ठेवला आणि नंतर केला नाही. आठवड्यातून दोनदा वाजणारा फोन तेवढाही वाजेनासा झाला.

समीक्षकही मग सुटले. त्याच परदेशी संकेतस्थळानं चार ओळींची टीप टाकली. 'ज्या शांततेसाठी हा अल्बम लक्षात राहिला असता, तिथं आता एक बेसूर पुरुषी आवाज घुसवण्यात आला आहे. का, ते समजत नाही.' मुंबईच्या मासिकानं 'लदेणीचा आत्मघात' असा मथळा दिला. जीवननं ते सगळं वाचलं, आणि त्याला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं. चोरलेली वस्तू परत करून, वर मार खाऊन घरी आलेल्या माणसाला वाटत असावं तसं.

आता एकच उरलं होतं. जयाला ऐकवायचं आणि तिच्यापुढं कबूल करायचं, की त्या दिवशी मी उतरलो नाही, आता उत्तर दिलंय, आता तरी माहेरी ये. तो एस.टी.नं पांढरकवड्याला गेला आणि तिथून काळीपिवळी जीपनं तिच्या तांड्यात. लग्न नसताना ढावलो घरात वाजवणं चांगलं नाही, तिची सासू बिजलीबाई चारचौघांत कान उपटील, म्हणून त्यानं हेडफोन बरोबर घेतला होता.

बिजलीबाई ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. "तीज नाही, दिवाळी नाही, आज कसा काय रस्ता चुकला भाऊ?" तिनं विचारलं. बोलणं सगळं गोरबोलीतच चाललं होतं, पण वाचणाऱ्यांसाठी ते वऱ्हाडीत सांगितलेलं बरं. जयानं पाणी दिलं, चहा दिला. ती वाळली होती, पण बरी दिसत होती. सासू गोठ्याकडं गेल्यावर जीवननं तिला म्हटलं, "तुह्या लग्नातला ढावलो हाये याच्यात. तुले न विचारता घेतला. आयक."

जयानं हेडफोन लावला. आधी तिला हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला. जीवन तिच्या तोंडाकडं बघत राहिला. पहिली हाक कुठं आली, दुसरी कुठं, हे त्याला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. तिसरी झाली. आता आपला आवाज. जयाच्या कपाळाला आठी पडली. तिनं हेडफोन काढला.

"हा कोन बोलला मधात?"

"मी."

"पन तू तर बोलला नव्हता त्या दिवशी."

आलीच ती वेळ. "तेच सांगाले आलो मी, जया. त्या दिवशी मी..."

"कायले टाकलं मंग हे?" तिनं त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "तू काही बोलला नाही, नुसता धरून उभा राह्यला होता मले. समदे रडले, समदे बोलले, ये म्हने, जाय म्हने, रडू नको म्हने. तू एकटा गप. पन असं धरलं होतं, का मी तुह्या नव्या शर्टाचा खांदा पुरा वला केला, तरी सोडलं नाही. तोंडावर वढनी, मले काही दिसत नव्हतं. पन मले समजलं, हा माहा भिया हाये." तिनं नाक पुसलं. "पहिलं वर्स लय वंगाळ गेलं इथं. तुमाले कोनाले सांगतलं नाही मी. रोज झोपताना ते आठवत जाऊ. म्हनत जाऊ, येवढं धरनारा मांगं हाये, तं काय होते मले?"

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन माती उकरत होती. काकांचा पांढरा शर्ट जीवनला लख्ख आठवत होता, त्यांचा तो मोठा, शेतात राबलेला हात जयाच्या डोक्यावर ठेवलेला. आपण ते फोनच्या काचेतून बघितलं होतं.

"तू काय सांगाले आलता?" जयानं विचारलं.

सांगायचं म्हणून तो एवढी वाट तुडवून आला होता. त्यासाठी त्यानं शाम गमावला होता, नाव गमावलं होतं. दोन वाक्यांचं काम. तेवढं बोलला असता तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता, आणि जयाच्या हातात तेवढा एक खांदा होता तोही गेला असता.

"काही नाही," जीवन म्हणाला. "त्या दिवशी मले बोलता आलं नाही, म्हनून आता बोललो त्याच्यात."

"काढून टाक ते. होतं तसं राहू दे. तुले कोनी सांगतलं होतं बोलाले?"

"काढतो."

"आन् मी येत नाही म्हनून राग नोको धरू. याडी नाही तं सुनं घर पाहवत नाही मले, दुसरं काही नाही."

दुसरं काही नव्हतंच. इतकी वर्षं ते ओझं त्याचं एकट्याचं होतं, आणि इथून पुढंही त्याचं एकट्याचंच राहणार होतं. शामला फोन करून जुनं गाणं परत चढवतो म्हणून सांगावं लागेल. तो खूश होईल, समीक्षक पुन्हा त्या शांततेचं कौतुक करतील, आणि त्यातलं एक अक्षरही आपल्याला कोणापाशी खोडता येणार नाही, हे जीवनला तिथंच उमजलं.

निघताना जया रस्त्यापर्यंत आली. काळीपिवळी लांबून दिसायला लागली तशी ती पुढं झाली आणि भावाच्या गळ्यात पडली. जीवननं तिला धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तसाच हाये अजून."

जीवन काही बोलला नाही. काकाही बोलले नव्हते.